देवीचा कौल

तोंडावर देवीचे व्रण असले की पूर्वी आपल्याकडे मुलीचे लग्न जमवताना आईबाप मेटाकुटीस येत. चीनमध्ये मात्र एका मुलाला याच देवीपायी सिंहासन मिळाले. ही हकिगत वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही.

मांचू लोक महाभिंतीपलीकडचे. त्यांच्या होंग ताइजीने १६३६ मध्ये आपल्या घराण्याला ‘चिंग’ हे नाव दिले. १६४३ मध्ये तो वारला आणि पाच वर्षांचा फूलिन गादीवर आला. तोच शुन्झी सम्राट. कारभार चुलता दोर्गोन पाही. पुढल्याच वर्षी बंडखोरांनी पेकिंग घेतले, मिंग सम्राटाने गळफास लावून घेतला, आणि मिंगांच्याच एका सेनापतीने मांचूंना वाट मोकळी करून दिली. अशा रीतीने पाटी-पेन्सिलीच्या वयाच्या पोराच्या नावाने चीनचे राज्य सुरू झाले!

पण पेकिंगात देवीची साथ होती. चिनी माणसाला ती बहुधा लहानपणीच येऊन जाई. विरळ वस्तीतून आलेल्या मांचूंना तिची सवय नव्हती. यांग्चौ जिंकणारा दोर्गोनचा भाऊ दोदो १६४९ मध्ये तिनेच गेला. साथ आली की सम्राट राजवाडा सोडून दूर जाऊन राही. पुढे तर या दरबाराने मंगोल सरदारांचीही वर्गवारी केली. देवी येऊन गेलेले ते ‘शिजलेले’, बाकीचे ‘कच्चे’. आणि कच्च्यांना पेकिंगची बंदी!

फेब्रुवारी १६६१ मध्ये देवीने शुन्झीला ऐन बाविशीत गाठलेच. आता गादी कोणाला? सम्राट ज्याला ‘आजोबा’ म्हणे, त्या अ‍ॅडम शाल नावाच्या जर्मन पाद्र्याने सल्ला दिला, की तिसरा मुलगा श्वान्ये देवीतून उठला आहे, त्याला ती पुन्हा गाठणार नाही. वडील भाऊ हयात असताना त्याचीच निवड झाली.

हाच कांगशी सम्राट. त्याने ६१ वर्षे राज्य केले. त्याच्या लढायांपेक्षा मला त्याचे एक काम मोठे वाटते. जुन्या मंडळींनी कुरकुर केली तरी त्याने आपल्या मुलाबाळांना देवी टोचवून घेतल्या. (टोचणे कसले, खपल्यांची पूड नाकातून देत!) जेन्नरच्या लशीला तेव्हा अजून शंभरएक वर्षे अवकाश होता.

म्हातारपणी मात्र तो एक खंत बोलून दाखवी. देवीच्या भयाने दायांनी त्याला लहानपणी राजवाड्याबाहेर ठेवले होते, त्यामुळे आईबापांच्या सहवासाचा एक दिवसही त्याला लाभला नाही. बाप गेला तेव्हा तो सात वर्षांचाही नव्हता. आई १६६३ मध्ये गेली.