पाकीट मिळतं, खिचडी मिळते. पण पोर सांभाळायचं कुणी?

एक साधा हिशोब करून बघू.

धुणीभांडी करणारी बाई सकाळी सातच्या सुमारास घर सोडते. बांधकामावर बिगारी काम करणारी आठला नाक्यावर उभी असते. दोघी परत येतात तेव्हा दिवेलागण झालेली असते. अंगणवाडी चालते ती मधले चार-पाच तास. म्हणजे ती उघडायच्या आधी आई गेलेली, आणि तिला कुलूप लागतं तेव्हा आईचा निम्मा दिवस बाकी. तोवर पोर कुणाकडे? सासू असली तर तिच्याकडे. नाहीतर शेजारणीकडे. तेही नसलं तर आठ-नऊ वर्षांच्या ताईकडे. मग ताईची शाळा आज बुडते, उद्याही बुडते. पुढे ती "शाळाबाह्य" म्हणून सर्व्हेत सापडते आणि आपण म्हणतो, या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही!

माझं म्हणणं एवढंच आहे. गरीब घराला आपण आहार देतो, लस देतो, सल्ले तर ढिगाने देतो. त्या घराला लागतो तो वेळ, आणि तोच देत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा. या योजनेने केलेलं काम लहान नाही. गावातल्या गरोदर बाईची आणि तान्ह्या बाळाची नोंद आज कुणीतरी ठेवतं, ते अंगणवाडीमुळे. पण दिवसभर मूल सांभाळणं हे त्या सहांत नव्हतं.

याचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो तीन वर्षांखालच्या मुलाला. तीन ते सहाचं मूल निदान काही तास अंगणवाडीत बसतं, तिथं गरम जेवतं. त्याहून लहान बाळासाठी शिधा घरी दिला जातो. तो शिजवून, मऊ करून, दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा भरवायला घरात मोठं माणूस लागतं. ते तर कामावर गेलेलं! कागदावर लाभ मिळाला, वजनकाट्यावर पोर तिथंच.

"हे पाळणाघर वगैरे शहरी फॅड आहे," असं कुणी म्हणालं तर त्यांना कोसबाडची आठवण करून द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे, हे त्यांनी ओळखलं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणली. तीच विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं, हा त्यांचा विचार. त्यातलं अंगण आपण घेतलं आणि पाळणा विसरलो.

कायद्यात पाळणा आहे, पण मोजून मापून. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने अट घातली होती की पन्नासहून जास्त महिला कामगार असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सोय करावी. बायका चार ठेकेदारांत वाटल्या की कुणाच्याच हजेरीवर पन्नास भरत नसत. धुणीभांडी करणारीला तर चार घरं म्हणजे चार मालक, तिनं कुणाकडे मागायचं?

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे आई घरी राहण्याचा प्रश्नच नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांना गावात ठेवायला हंगामी वसतिगृहं निघाली, चांगलं झालं. पण दोन वर्षांचं पोर कोपीवरच जातं, आणि पहाटे फडात उसाच्या पाल्यावर झोपतं.

आता उपाय. "सेविकेला संध्याकाळपर्यंत थांबवा" हा उपाय नाही. नोंदी, मोबाईल, सर्व्हे, गृहभेटी, सगळं आधीच तिच्या डोक्यावर. ती मानसेवी, म्हणजे तिला पगार नाही, मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, त्या हौसेने नव्हे. बालसंगोपन हे कामच आहे आणि त्याचे दाम वेगळे द्यावे लागतील.

केंद्राने २०२२ पासून 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची सोय ठेवली आहे. ती मजुरांच्या वस्त्यांत आधी आली पाहिजे. वेगळी प्रशिक्षित बाई, वेगळं मानधन, आणि वेळ वस्तीतल्या आयांना विचारून ठरवायची. ऊस हंगामात हीच सोय कारखान्याच्या आवारात आणि मोठ्या तळांवर हवी. "पैसे कुठून?" असं विचारणाऱ्यांना माहीत असू द्या, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कशावर जातात, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा. आपल्या गावात तीन वर्षांखालची अशी किती मुलं आहेत, ज्यांची आई कामावर जाते? आणि ती परत येईपर्यंत त्यांना कोण बघतं? शहरात असाल तर नगरसेवकाला विचारा. पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर काम कुठून सुरू करायचं ते कळेल.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये लिहा. सेविका ताई वाचत असतील तर त्यांनी जरूर लिहावं, त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.