वजन पाहिले, जेवण विचारले नाही

१९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि मूल नसलेल्या कितीतरी घरांत आशा जागी झाली. आज वंध्यत्वावरील उपचार लहान शहरांतही मिळतात. उपचारांसाठी आलेल्या स्त्रीला आधी वजनकाट्यावर उभे केले जाते. वजन जास्त भरले, तर 'कमी करून या' असे सांगितले जाते. सल्ला चुकीचा नसतो. स्थूलपणा गर्भधारणेच्या आड येऊ शकतो. पण 'तुमचे खाण्याशी नाते कसे आहे?' हे सहसा कोणी विचारत नाही.

अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे उपचार घेणाऱ्या ८२ स्त्रियांना ते विचारले गेले. त्यांतल्या १७ जणींना खाण्याशी निगडित मानसिक आजार पूर्वी झाला होता किंवा तेव्हाही होता. या आजारांत कोणी उपाशी राहून शरीर झिजवते, तर कोणी भराभर खाऊन ओकून टाकते. १७ पैकी एकीनेही उपचार करणाऱ्यांना हे सांगितले नव्हते.

पुरेसे अन्न मिळेनासे झाले, की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात. पाळी चुकते, कधी थांबतेही. मूळ दुखणे तिथे असले, तर ते झाकून महागडी इंजेक्शने घेतली जातात. ओकून टाकणारीचे वजन तर काट्यावर अगदी योग्यही दिसू शकते. आणि या आजारातून सावरलेली एखादी 'वजन उतरवा' एवढ्या शब्दांनी पुन्हा त्यात ओढली जाऊ शकते.

आपल्याकडे हे लपवणे आणखी सोपे. मुलासाठी धरलेल्या सोमवारांत, चतुर्थ्यांत न जेवणे खपून जाते. वर कौतुकही होते. दोष व्रताचा नाही. पण उपवास सुटल्यावरही घास उतरत नसेल, तर ती श्रद्धा नव्हे, दुखणे आहे.

म्हणून वजन उतरवायला सांगण्यापूर्वी डॉक्टरांनी खाण्याविषयी आपुलकीने विचारावे, गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. पतीलाही हाच प्रश्न विचारावा. हा आजार पुरुषांनाही होतो. घरच्यांनी तिच्या ताटावर पहारा ठेवू नये, वजनावरून टोमणे मारू नयेत. 'मला जेवण जात नाही' हे तिला न भिता सांगता यावे. येणाऱ्या बाळाची काळजी तिथूनच सुरू होते.