जाहीरनाम्यातील समता आणि तिचा जमाखर्च

निवडणुकीचे दिवस आले की सकाळी वर्तमानपत्राची घडी उलगडताच तिच्यातून दोन-चार गुळगुळीत पत्रके मांडीवर घसरून पडतात. परवा अशाच एका पत्रकाच्या पाठीवर छापलेली उमेदवाराची अकरा आश्वासने मी चहा निवत ठेवून शेवटपर्यंत वाचली. पाण्याच्या आश्वासनात कोणत्या टाकीपासून कोणत्या गल्लीपर्यंत जलवाहिनी जाणार हे लिहिले होते; ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्राला कोणता भूखंड मिळणार हे लिहिले होते; नाट्यगृहाच्या दुरुस्तीची मुदतही दिली होती. नवव्या क्रमांकावर मात्र ‘सर्व समाजघटकांना समान न्याय’ असे चारच शब्द होते, आणि त्यांच्यापुढे ना रक्कम, ना खाते, ना मुदत. या चार शब्दांना गावात कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही, आणि माझ्या मते त्यांचे मुख्य वैगुण्य हेच. कारण जेथे एकाला पूर्वी नाकारलेला हक्क मिळतो, तेथे दुसऱ्या कोणाचा तरी मान, वाटा किंवा निदान सवय कमी होते. ज्या आश्वासनात समता जमेस धरली आहे, पण ती कोणाच्या नावे खर्ची पडणार हे लिहिलेले नाही, ती कीर्द अर्धवट होय.

नावेची बाजूही भरलेली असा एक जाहीरनामा आपल्या इतिहासात आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने तो १९५१ च्या ऑक्टोबरात काढला, आणि फेडरेशनचे प्रमुख उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जेमतेम काही दिवसांपूर्वी, २७ सप्टेंबर रोजी, त्यांनी केंद्रातील कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, चार वर्षांचा कायदेमंत्री, आता मुंबईत मते मागावयास उभा राहणार होता. आणि मते मागणाऱ्या माणसाने जे बोलू नये असा संकेत आहे, तेच त्याने लिहून छापून दिले.

त्यातील आरंभीची कलमे तत्त्वांची आहेत. सर्व भारतीय कायद्यापुढे समान आहेत, एवढे म्हणून ती थांबत नाहीत. समता हा प्रत्येकाचा हक्क असून, जेथे ती नसेल तेथे ती जोपासावी आणि जेथे नाकारली जात असेल तेथे उचलून धरावी, असा त्यांचा आशय आहे. संधीच्या समानतेला तर त्यांनी अटच जोडली आहे : ज्यांना पूर्वी कधी संधी लाभली नाही, त्यांना ती लाभलेल्यांच्या आधी स्थान मिळावे. ही अट कोणा तत्त्वचिंतकाने निवांत बसून लिहिलेली नव्हे. त्याच वर्षीच्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने, चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यात, वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जागा जातवार वाटून देणारा मद्रास सरकारचा हुकूम रद्दबातल ठरवला होता. आणि जूनमध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या कलमास चौथे उपकलम जोडून मागासलेल्या वर्गांसाठी खास तरतुदी करण्याचा सरकारचा अधिकार शाबूत केला होता. कायदेमंत्री म्हणून जो माणूस त्या वादातून नुकताच गेला होता, त्याला ‘आधी कोण’ हा प्रश्न टाळून समतेविषयी बोलणे अशक्य झाले असावे.

आणखी एका तत्त्वाकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रत्येक व्यक्ती हे स्वयमेव साध्य आहे आणि राज्य हे केवळ त्याचे साधन आहे, असे तो जाहीरनामा म्हणतो. वाचताना हे वाक्य पाठ्यपुस्तकातले वाटते. पण त्याच काळात मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या कारकुनांचा अनुभव शेजारी ठेवून पाहावे. उत्तरेकडील अनेक प्रांतांत बायका आपले नाव सांगण्यास तयार नव्हत्या, किंवा घरातले पुरुष ते सांगू देत नव्हते. यादीत ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी झाल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्याचे नाकारले, आणि सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गळाली. व्यक्ती हे साध्य आहे असे म्हणणाऱ्या पक्षाला जी व्यक्ती अभिप्रेत होती, तिला त्या वर्षी सरकारदप्तरी स्वतःचे नावसुद्धा नव्हते.

स्त्रियांच्या प्रश्नावर तर या उमेदवाराने मंत्रिपदच पणाला लावले होते. राजीनाम्याची कारणे अनेक होती, परंतु सर्वांत ठसठशीत होते ते हिंदू कोड बिल. कन्येला पित्याच्या मिळकतीत वाटा, विधवेला मालमत्तेवर पूर्ण मालकी, एकपत्नीत्वाचे बंधन, घटस्फोटाची मुभा, जातिबाह्य विवाहास मान्यता, एवढ्या गोष्टी एका मसुद्यात आणल्यावर विरोध होणार हे सांगावयास ज्योतिषी नको होता. विरोध झाला तो सनातन्यांकडून आणि सत्तारूढ पक्षाच्या आतूनही. चार कलमे संमत झाल्यानंतर बिल बाजूस पडले. मुंबई इलाख्यापुरते पाहावयाचे तर येथे १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा आधीच झालेला होता, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मंडळींना यातले निम्मे काही नवे नव्हते. तरीही ‘आमच्या बहिणी आमच्याविरुद्ध दावे लावतील’ ही धास्ती त्यांनाही सुटली नव्हती. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये तेच बिल चार तुकडे करून संमत झाले. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क मिळण्यास महाराष्ट्रात १९९४ आणि देशभरात २००५ साल उजाडावे लागले, आणि आजही तालुक्याच्या दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करावयास भावांच्या गाडीतून आलेल्या बहिणी पाहावयास मिळतात. त्यांच्या चेहऱ्यावर राग क्वचितच असतो. बहुधा माहेर तुटू नये एवढीच काळजी असते.

आता नावेच्या बाजूकडे वळू. जाहीरनाम्याने शिक्षणावर आणि मागासलेल्या वर्गांच्या उन्नतीवर खर्च मागितला, आणि तो कोठून करावयाचा हेही सांगितले : दारूबंदी उठवावी, मिठावरील कर पुन्हा बसवावा, लष्करावरील खर्च कमी करावा, विम्याचे राष्ट्रीयीकरण करावे. यातील प्रत्येक कलमाने कोणती ना कोणती मते जात होती. मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी होती आणि मोरारजी देसाई यांनी ती आपल्या प्रतिष्ठेचा विषय केला होता. अशा राज्यात, अबकारीचे उत्पन्न बुडवून शाळा उपाशी ठेवणे हा कसला नीतिधर्म, असे विचारणे म्हणजे सभ्य मध्यमवर्गाच्या आणि गृहिणींच्या मनातून उतरण्याची तयारी ठेवणे. मिठाचे तर विचारूच नये. दांडीयात्रेला पुरती बावीस वर्षे झाली नव्हती आणि तो कर रद्द होऊन जेमतेम चार-साडेचार. मिठाच्या कराचे उत्पन्न गांधीजींच्या नावाच्या निधीत घालून ते अस्पृश्यांच्या वसाहतींसाठी खर्च करावे, असे बाबासाहेबांनी पुढे १९५४ मध्ये राज्यसभेतही सुचवले, त्यात हिशेब किती आणि उपरोध किती हे ठरवणे कठीण आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे मिठाचे कलम राजकीय दृष्ट्या शुद्ध अविचार होता. आणि काश्मीरची फाळणी करून लष्कराचा खर्च उतरवावा हा जाहीरनाम्यातला हिशेब तर मला मुळीच पटत नाही. पण न पटणारे कलम वाचकाला सापडावे, त्यावर बोट ठेवून ‘हे मला मान्य नाही’ असे म्हणता यावे, इतपत स्पष्ट लिहिणारे उमेदवार आपल्या वाट्याला किती आले?

आणि खर्च दुसऱ्यांच्याच नावे टाकण्याची ही युक्ती होती असेही कोणी म्हणू नये. या माणसाचे जुने दप्तर पाहिले तर १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्याने मांडलेले वतन बिल सापडते. १८७४ च्या वतन कायद्याखाली महाराला गावची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी होती. सरकारी टपाल पोचवावे, मामलेदार-फौजदारांच्या घोड्यापुढे धावावे, चावडीवर जागावे. त्याच्या बदल्यात नाममात्र तनखा, तुकडाभर वतनी जमीन आणि खळ्यावर बलुत्याचे सूपभर धान्य. बिलाचा रोख असा की ही चाकरी सुटावी, जमीन पूर्ण सारा भरून महाराच्या मालकीची व्हावी, आणि बलुत्याच्या ऐवजी रोकड मिळावी. यात रयतेला रोख द्यावी लागणार होती हे खरे; परंतु महारालाही सारा भरावा लागणार होता, आणि त्याहून अवघड म्हणजे ‘वतनदार’ ही गावातली एकुलती एक मिरवण्याजोगी पदवी सोडावी लागणार होती. वतन हे आपल्या पायातील बेडी आहे, हे ज्यांच्या पायात ती होती त्यांनाच पटवणे भाग होते, आणि सर्वांना ते पटले नाही. बिल संमत झाले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने संपली ती १९५८ साली. १९३७ मध्ये मांडलेल्या खोती बिलातही हीच रीत दिसते : कोकणातील कुळांना जमिनीचा कब्जा, पण खोतांना वाजवी भरपाई.

एवढे सगळे लिहून ठेवणारा उमेदवार निवडून येत नाही असा नियम नाही. १९३७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून निवडून आले होते, आणि काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले होते पाळवणकर बाळू यांना, म्हणजे ज्यांच्या डावखुऱ्या फिरकीने जातीची बंधने मैदानावर तरी सैल केली त्या क्रिकेटपटूला. तेव्हाचे मताधिक्य अवघे दोन हजारांच्या आसपास होते. १९५२ ची लढत निराळी झाली. मुंबई उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. पण राखीव जागा म्हणजे राखीव मतदार नव्हेत. पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले तेव्हापासून राखीव जागेचा निकाल सर्व जातींचे मतदार मिळून लावत आले होते, आणि ज्या उमेदवाराने उच्चवर्णीयांच्या वारशाच्या, मिठाच्या आणि नीतीच्या कल्पनांना हात घातला होता त्याला त्यांच्याच मतांची गरज होती.

मतदानाची पद्धतही समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पोलादी पेटी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले. अशा लाखो पेट्या तेव्हा विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या. बैलजोडी काँग्रेसची, हत्ती फेडरेशनचा. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराच्या हाती दोन पत्रिका पडत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकावयाच्या असत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. फेडरेशनचा समाजवादी पक्षाशी समझोता होता, म्हणजे एक मत हत्तीला आणि दुसरे अशोक मेहतांना. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी विजयी झाले होते. आणि बाद पत्रिका होत्या ७४ हजारांवर. आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. कम्युनिस्ट पुढारी डांगे आणि इतरांनी दुसरे मत ‘कुजवा’ असा प्रचार केला, अशी त्यांची तक्रार होती. अर्ज फेटाळला गेला. घटनेचा मसुदा करणारा माणूस घटनेनुसार झालेल्या पहिल्याच निवडणुकीत हरला, आणि मुंबई राज्याच्या विधानसभेने निवडून दिल्यावर राज्यसभेत जाऊन बसला.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा द्विसदस्य मतदारसंघ, पुन्हा राखीव जागेवर बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. या वेळी कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला होता : आपल्या लोकांनी एकच मत हत्तीला द्यावे, दुसरे कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांची जागा पक्की. हिशेब चुकीचा नव्हता. परंतु मतदाराला मिळालेला अधिकार वाया घालवा असे मी सांगणार नाही, त्यापेक्षा मी पडलेलो बरा, असे उत्तर त्यांनी दिल्याचे फेडरेशनचे जुने कार्यकर्ते सांगत आले. दोन्ही मते वापरा, असा निरोप गावोगाव गेला. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे ८ हजार मतांनी पडले.