वरील नियम लागू होता

विडी सोडायला लावणारे, तपकीर सोडायला लावणारे, रात्रीची भजी सोडायला लावणारे परोपकारी लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. माझ्या हातून मात्र आयुष्यात तसला एकच परोपकार घडला. मी एका माणसाला ब्राउझर सोडायला लावला. तेवढ्यासाठी मला सव्वा वर्ष खर्चावे लागले आणि मध्ये एकदा लबाडीही करावी लागली. दिवाळीच्या फराळाबरोबर कबुलीजबाबही दिलेला बरा, म्हणून ही हकीकत.

ब्राउझर म्हणजे काय, हे घरातले शाळकरी पोरही सांगेल. संगणकावर इंटरनेटची पाने ज्या खिडकीतून पाहायची, ती खिडकी. आपल्या भाषापंडितांनी तिला 'न्याहाळक' असे नाव दिले आहे. नाव गोड आहे. पण दुकानात जाऊन 'एक न्याहाळक द्या' म्हटले, तर दुकानदार दुर्बीण काढून दाखवील.

आमचे बिऱ्हाड पेणकरपाड्यात. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबई संपते आणि थोड्याच वेळात आमचा पाडा लागतो. मुंबईत पाय पसरायला जागा उरली नाही म्हणून गिरगाव-दादरकडची जी मंडळी मीरा रोडच्या बाजूला सरकली, त्यांतलेच आम्ही आणि त्यांतलेच आमचे नाना. नाना एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीचे खजिनदार म्हणून पुन्हा नोकरीला लागले, एवढाच काय तो फरक. ताळेबंदात एक रुपयाची चूक राहिली तर त्या रात्री नानांच्या घरचा दिवा मालवत नाही. सोसायटीचे बँकेचे सगळे व्यवहार नाना घरच्या संगणकावरून करीत, आणि संगणकावर ते एकच दार ओळखत : निळा 'ई', म्हणजेच इंटरनेट एक्सप्लोरर.

या निळ्या 'ई'ने एके काळी जगावर राज्य केले आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये तो जन्मला, आणि २००२-०३ च्या सुमारास इंटरनेट पाहणाऱ्या शंभरांतली नव्वदाहून अधिक माणसे त्याच्याच खिडकीतून पाहत होती. मग जे सर्व सम्राटांचे होते तेच त्याचे झाले. सहावी आवृत्ती २००१ साली काढून त्याचे मालक जे निजले, ते सातवी काढायला २००६ साली उठले. तेवढ्यात चोरांनी सगळ्या फटी शोधून ठेवल्या होत्या. २०१० च्या जानेवारीत अशाच एका फटीतून गूगलसारख्या बड्या कंपनीच्या घरात शिरकाव झाल्याचे उघड झाले, तेव्हा जर्मन आणि फ्रेंच सरकारी यंत्रणांनी आपल्या लोकांना तूर्त दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे काही हौशी मंडळींनी सहाव्या आवृत्तीची अंत्ययात्रा काढली, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने तिला फुले पाठवली! पुढच्या वर्षी त्याच कंपनीने 'आमची ही आवृत्ती कृपया वापरू नका' अशी मोहीमच उघडली. स्वतःच्या दुकानातला माल घेऊ नका म्हणून विनवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

अखेरीस २०२१ च्या मे महिन्यात कंपनीने जाहीर केले, की शेवटची अकरावी आवृत्तीही १५ जून २०२२ रोजी निवृत्त होणार. निवृत्त म्हणजे यापुढे फट सापडली तरी गवंडी येणार नाही. बँकेच्या पानावरही 'कृपया ब्राउझर बदला' अशी पट्टी झळकू लागली. नानांनी ती पट्टी वाचली आणि तिच्या शेजारची फुली दाबून ती बंद केली. रोज.

त्या पावसाळ्यात आमची गच्ची गळू लागली. दुरुस्तीसाठी प्रत्येक बिऱ्हाडाने पैसे भरले होते. कुणी मुदतठेव मोडली होती, कुणी सोनाराकडे जाऊन आले होते. ती सगळी पुंजी बँकेत, आणि बँकेच्या कुलपाची किल्ली नानांच्या निळ्या 'ई'त. अशातच एके दुपारी नानांच्या पडद्यावर भली मोठी लाल पाटी आली : तुमचा संगणक धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. नानांनी नंबर चिठ्ठीवर उतरवला, फोन उचलला, आणि खाली ठेवला. नंबर परदेशी होता. मिनिटाला किती पडतील याची चौकशी करायला ते माझ्याकडे आले, म्हणून गच्ची वाचली. अशी पाटी नव्या ब्राउझरात येतच नाही असे नाही. पण आमच्या कमिटीला एवढे निमित्त पुरले. नानांनी ब्राउझर बदलावा, नाहीतर खजिनदारी सोडावी, असे ठरले. आणि हे त्यांना कुणी सांगायचे? अर्थात चिटणिसाने. चिटणीस मी.

मी पहिल्याच संध्याकाळी गेलो. माईंनी पोहे दिले. मी म्हटले, "नाना, तुमचं कुलूप जुनं झालंय. चोरांकडे त्याच्या किल्ल्या आहेत."

"गोदरेजचं कपाट माझ्या लग्नातलं आहे," नाना म्हणाले, "अजून एक चमचा गेला नाही त्यातून."

दुसऱ्या खेपेला मी आकडे नेले, तिसऱ्या खेपेला वर्तमानपत्रांतली कात्रणे. नाना सगळे शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारीत, "माझा एक तरी हिशेब चुकला का रे या 'ई'मुळे?" चुकला नव्हता. मी पोहे खाऊन परत येई. आमच्या सौ.चे म्हणणे, की मी पोह्यांसाठीच जातो.

मग मला ती दुर्बुद्धी झाली. संगणकावर कुठल्याही चिन्हाचे चित्र बदलता येते. दिवाळीच्या आधी नाना-माई चार दिवस पुण्याला गेले, किल्ली आमच्याकडे ठेवून. मी नानांच्या संगणकावर फायरफॉक्स नावाचा दुसरा ब्राउझर बसवला, जुना निळा 'ई' आत दडवला, आणि फायरफॉक्सवर निळ्या 'ई'चे चित्र चिकटवले. काम दहा मिनिटांचे. कमिटीने माझे अभिनंदन केले. 'म्हातारी माणसं, त्यांना काय कळतंय,' असे एक सभासद म्हणाले, आणि मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

महिनाभर काही झाले नाही. मग एका रविवारी नानांनी मला बोलावून घेतले. टेबलावर एक शंभर पानी वही होती, तपकिरी कव्हर घातलेली.

"बस," नाना म्हणाले. "वहीत लिहिलंय, वर कोपऱ्यात दात्यांचं चाक असतं. तिथे आता तीन रेघा आहेत. पाटी आमची आणि दुकान दुसऱ्याचं, असं कधीपासून झालं?"

मी काही बोललो नाही. नाना रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "अरे, विश्वासाने किल्ली दिली होती तुला."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांचा जुना 'ई' होता तिथे ठेवून दिला आणि त्या घरी जाणे बंद केले. नाना जिन्यात भेटत, 'काय, बरं आहे ना?' म्हणत; पण त्या 'बरं'मध्ये पोहे नव्हते. जून आला, 'ई' रीतसर निवृत्त झाला. खजिनदारीचा राजीनामा नानांनी लिहून ठेवल्याचे माईंनी सौ.ला सांगितले.

गणपतीत मी आरतीला गेलो, तेव्हा धीर करून माफी मागितली, आणि सव्वा वर्षात जे विचारायला हवे होते ते पहिल्यांदा विचारले : "नाना, हा 'ई' तुमच्याकडे आला कसा?"

नानांनी ती वही उघडली. पहिल्या पानावर त्यांच्या मुलीचे अक्षर होते. २००३ साली लग्न होऊन परदेशी जाताना तिने बापासाठी पायऱ्या लिहून दिल्या होत्या. पहिली ओळ : 'निळ्या ई वर दोनदा टिचकी मारा.' पुढे वीस वर्षांत जे जे बदलले, ते नानांनी लाल शाईने समासात नोंदले होते. त्या दाराने नाना लेकीची पत्रे वाचीत आणि मराठी वर्तमानपत्रही वाचीत. २००५ च्या सुमारास शेजारच्या एका हुशार मुलाने त्यांना दुसरा ब्राउझर बसवून दिला. त्यात वर्तमानपत्र उघडले, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा! नानांनी त्याच दिवशी तो काढायला लावला. "ज्यात माझी भाषा दिसत नाही, ते नवं मला कशाला?"

मी खुर्चीतच सरळ झालो. नाना अगदी बरोबर बोलत होते! त्या काळी बऱ्याच मराठी पत्रांचा आपापला खासगी टंक असे. आत साठवलेली असत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. वरून टंकाचा मुखवटा चढवला की ती मराठी दिसत. हा मुखवटा पानाबरोबर वाचकाच्या घरी पाठवण्याची एक युक्ती होती, आणि तो मुखवटा ओळखणारा ब्राउझर एकच : निळा 'ई'. दुसऱ्या खिडकीतून पाहिले की मुखवटा गळून पडे. पुढे युनिकोड नावाची व्यवस्था रुळली. तीत जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला कायमचा क्रमांक असतो. आपल्या 'अ'चा २३०९. हा क्रमांक कुठल्याही खिडकीत 'अ'च राहतो. त्या क्रमांकांना रूप देणारा 'मंगल' हा टंक विंडोजबरोबर घरोघर गेला, आणि तो घडवला आपल्याच र. कृ. जोशी यांनी, जे सुलेखनकार होते आणि कवीही होते. हे सगळे मी नानांना सांगितले आणि म्हणालो, "नाना, तुम्ही तेव्हा चुकला नव्हता. तो मुलगा चुकला होता."

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस? चोर येईल, कुलूप तुटेल, हेच धरून बसला होतास."

आधी सांगितले नाही, कारण आधी मला ठाऊकच नव्हते. मी त्यांना बदलायला गेलो होतो, ऐकायला गेलो नव्हतो.

नानांनी स्वतःच्या हाताने फायरफॉक्स उघडला, या वेळी त्याच्या खऱ्या चित्रावर टिचकी मारून. वर्तमानपत्र काढले आणि चष्मा पुसून जोडाक्षरे तपासायला घेतली. 'क्ष' पाहिला, 'ज्ञ' पाहिला, 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' दोनदा पाहिला. मग लाल शाईचे पेन घेतले. मला वाटले, आता पहिली ओळ खोडणार. नानांनी लेकीच्या अक्षराला धक्का लावला नाही. खाली कचेरीतल्या वळणदार हस्ताक्षरात लिहिले : 'वरील नियम आजपर्यंत लागू होता. यापुढे पान ४१ पाहावे.' आणि तारीख घालून सही केली.

माईंनी पोहे आणले.

त्या निळ्या 'ई'चे जगात इतरत्रही सुतक पाळले गेले. दक्षिण कोरियात बँकांचे व्यवहार कित्येक वर्षे त्याच्यावाचून होत नसत; तिथे २०२२ सालीच ग्योंगजू शहरात एका अभियंत्याने त्याच्या नावाचा समाधीचा दगड उभारला, आणि हा दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला छान उपयोगी पडे, अशा अर्थाची कोपरखळी त्यावर कोरली. गंमत चांगली आहे. पण मला विचाराल तर नानांची ओळ जास्त बरोबर आहे. तीत थट्टा नाही आणि खोटेही नाही.

१४ फेब्रुवारी २०२३ रोजी कंपनीने विंडोज १० वरचा तो 'ई' कायमचा बंद केला. जुन्या चिन्हावर टिचकी मारली की तिचाच 'एज' नावाचा नवा ब्राउझर उघडू लागला. सकाळी सकाळी नानांचा फोन आला. "अरे, कंपनीने तुझीच युक्ती उचलली की! पण त्यांनी आधी सांगितलं होतं हो."

गच्ची आता गळत नाही. खजिनदार अजून नानाच आहेत.