चौपट राजाचा ताळेबंद

जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढतं, विरार लोकल मध्येच ठाण मांडते, आणि आमच्या डब्यात कोणीतरी हमखास सुस्कारा टाकतो, "अंधेर नगरी, चौपट राजा!" सगळा डबा मान हलवतो. हे एकदा म्हटलं की पाचकाचा घोट घेतल्यासारखं बरं वाटतं. त्यानंतर कोणी काही विचारत नाही. मंडळी पुन्हा पत्ते पिसायला लागतात.

माझं भांडण या सुस्काऱ्याशी आहे. मी पडलो बी.कॉम.; मला साहित्यातलं ओ की ठो कळत नाही, असं आमची ही चारचौघांत सांगते. पण वीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजून जी अक्कल आली, तिच्या जोरावर सांगतो : चौपट राजा मूर्ख नव्हताच. पक्का बेरकी होता.

भारतेंदु हरिश्चंद्रांनी काशीत १८८१ साली 'अंधेर नगरी' हे प्रहसन लिहिलं. त्या नगरीत भाजी टक्याला शेर आणि खाजाही टक्याला शेर. आपण हसतो, राजाला दोन्हींतला फरक कळत नाही म्हणतो. अहो, पण हिशेब तरी मांडा! भाजी खाणाऱ्याला भाजी भाजीच्याच भावात पडली. स्वस्त झाला तो खाजा. आता त्या नगरीत रोज खाजा कोणाच्या ताटात पडत असेल? वाड्यावरच्या मुदपाकखान्याचं महिन्याचं बिल पाहिलं असतंत, तर हसला नसतात.

मग ती भिंत. कल्लू वाण्याची भिंत पडून कोणाची बकरी मेली. चौकशी लागली. वाण्याने गवंड्याकडे बोट दाखवलं, गवंड्याने चुनेवाल्याकडे, चुनेवाल्याने जास्त पाणी ओतणाऱ्या भिस्त्याकडे, भिस्त्याने मोठी पखाल देणाऱ्या खाटकाकडे, खाटकाने मोठी मेंढी विकणाऱ्या धनगराकडे आणि धनगराने कोतवालाच्या मिरवणुकीकडे. कोतवालाला फाशी ठरली, तर फास मोठा आणि मान बारीक! मग हुकूम सुटला : फासात बसेल असा जाडा माणूस धरून आणा. सापडला परगावचा गोवर्धनदास, स्वस्त मिठाई खाऊन गुबगुबीत झालेला.

याला मूर्खपणा म्हणतात? आमच्याकडे याला फाईल फिरवणं म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात विरारला आमच्या घरासमोरच्या सरकारी मैदानाची नवीकोरी कुंपणभिंत माझ्या स्कूटरवर पडली. एका कचेरीत गेलो. साहेबांनी ठेकेदाराकडे पाठवलं, ठेकेदाराने सिमेंटवाल्याकडे, सिमेंटवाल्याने टँकरच्या खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवलं. टँकरवाला म्हणजे आमच्याकडचा भिस्तीच. तीन महिन्यांनी निकाल लागला : स्कूटर भिंतीच्या फार जवळ उभी होती. फास माझ्या मानेला अगदी बेताचा बसला.

मूर्ख ओळखायची आमच्या काउंटरवर एक साधी परीक्षा आहे. ज्याला मोजता येत नाही, त्याची कॅश आज शंभराने कमी भरते, उद्या दोनशेने जास्त. वेंधळेपणाला दिशा नसते. पण ज्याची चूक रोज एकाच खिशाकडे वळते, त्याला आम्ही वेंधळा म्हणत नाही; त्याच्यासाठी तपासनीस बोलावतो.

या परीक्षेत खरा मूर्ख पास होतो बरं का. वेडा महंमद म्हणून आपण ज्याला हसतो, तो तुघलक घ्या. १३२७ च्या सुमारास त्याने दिल्लीची राजधानी आपल्या दौलताबादेला आणली. पुढे तांब्याची नाणी चांदीच्या भावाने चालवली. लोकांनी घरोघरी टांकसाळी काढल्या. शेवटी नाणी परत घेताना त्याने खजिन्यातून सोनंचांदी मोजून दिली. लोकांचे हाल झाले ते झालेच, पण हा स्वतःही बुडाला. याला म्हणायचं वेडा! चौपट राजाची एक तरी चूक स्वतःच्या खजिन्यावर आली का?

आमच्या डब्यातले मास्तर इथे हटकतात. "पण शेवटी फासावर कोण चढलं? राजाच ना?"

चढला खरा. या मुहूर्तावर मरणारा थेट वैकुंठाला जातो असं गुरुमहाराजांनी पिल्लू सोडलं, आणि राजा आपण होऊन फासावर गेला. पण मास्तर, दिवसअखेर आमचा ताळा जमला नाही की उरलेला फरक आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि घरची गाडी पकडतो. नाटककाराने तेच केलं. प्रेक्षकांना हसतखेळत घरी पाठवायचं होतं ना! ती रक्कम सस्पेन्समध्ये पडली ती पडलीच. आपण होऊन फासावर चढलेला राजा मी तरी अजून विरारपासून चर्चगेटपर्यंत पाहिलेला नाही.

म्हणून म्हणतो, मूर्ख म्हणून कोणाला सोडू नका. मूर्ख म्हटलं की चौकशी संपते. चलाख म्हटलं की सुरू होते. सुस्कारा टाकू नका, विचारा : खाजा कोणी खाल्ला?

मी विचारलंय. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, भिंतीचं बिल मागितलंय. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायला हवं. आज सव्विसावा दिवस. बिल आलेलं नाही. पण काल त्या कचेरीतला एक माणूस घरी येऊन स्कूटरची फार आपुलकीने चौकशी करून गेला. चहाही नको म्हणाला.

मूर्ख माणूस इतका घाबरत नाही हो.