शून्याची घाई

जेर्डनचा धाविक या पक्ष्याचे काय करायचे, याचा एका विद्वानांनी नुकताच निकाल लावून टाकला. माणसे रानात गेली, बॅटऱ्या फिरल्या, पक्षी दिसला नाही. सबब तो नाही. जागतिक लाल यादीतला 50 ते 249 प्रौढ पक्षी हा आकडा म्हणजे त्यांच्या मते अंदाजपंचे दाहोदरसे. असल्या आकड्यापायी आंध्रातल्या कडप्प्याची जमीन किती दिवस अडवायची? म्हणणे एवढेच, बाकी लेख म्हणजे नुसता त्रागा.

माणसे किती वाजता गेली, ते मात्र विद्वान सांगत नाहीत. सारी मेख तिथे आहे. हा पक्षी दिवसा काटेरी झुडपांत दडून असतो. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने ओरडू लागतो आणि काही मिनिटांत, फार तर वीस मिनिटांत, गप्प होतो. एका जागी ऐकून दुसऱ्या जागी पोहोचेपर्यंत मैफल संपलेली! शिवाय एकच दोनदा ओरडला की दोघे एकेकदा, हे अंधारात कोण सांगणार? समजा, पक्षी हजर असताना एका संध्याकाळी तो ऐकू येण्याची शक्यता पाचात एक आहे. चार संध्याकाळी काही ऐकू आले नाही, तरी असलेला पक्षी हुकण्याची शक्यता चाळीस टक्के उरते; दहा संध्याकाळींनंतरही दहा टक्क्यांच्या वर. गणित शाळेतलेच आहे. विद्वानांनी बहुधा त्या दिवशी दांडी मारली असावी.

हे शून्य पूर्वीही लिहून झाले होते. 1900 नंतर पक्ष्याची नोंद नाही, म्हणून तो संपला असे धरले गेले. 1986 साली कडप्प्याजवळ एका स्थानिक माणसाच्या हाती तो जिवंत लागला. 86 वर्षे विद्वत्ता ठाम होती. पक्ष्याला कळवायचे तेवढे राहून गेले.

वाघांच्या पंजांच्या ठशांवरून शिरगणती होई, तेव्हा आम्ही उलट बाजूने भांडलो होतो. कागदावर एकेक वाघ मोजलेला, आणि 2005 च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही नाही! त्या नेमक्या आकड्यांवर माना डोलावणारेच आज नेमका आकडा नाही म्हणून रुसले आहेत.

मोजणीसाठी ड्रोन उडवा म्हणणाऱ्यांनी झुडपाखालचा पक्षी वरून पाहून दाखवावा.

मग करायचे काय? मऊ मातीचे पट्टे घालून ठसे मोजायचे. ठशांच्या मापांवरून टिटवी, करवानक वेगळे काढता येतात. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून त्याच जागी पुन्हा पुन्हा कान द्यायचा आणि रित्या संध्याकाळीही नोंदवायच्या. डोकी मोजून होणार नाहीत, कबूल. पण वापरातल्या जागा कळतील. हेक्टरी 300 ते 700 उंच झुडपे असलेले रान त्याला मानवते, हेही अशाच अभ्यासातून कळले. तसे रान कडप्प्याबाहेर कुठे आहे, ते शोधावे. आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडे 19व्या शतकात त्याची नोंद झाली होती. तिथे शून्य लिहिण्याआधी संध्याकाळी किती जण ऐकत बसले होते, तेवढे विद्वानांनी कळवावे.