खोली देण्याआधी मुलाची चौकशी करा

पावसाळ्यातला रविवार आला की पिंपळे गुरवमधली कितीतरी कुटुंबे कासारवाडी स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल पकडतात. मे महिन्यात रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गोवा गाठतात. निघण्याआधी खोलीचे भाडे, नाश्ता, स्विमिंग पूल, सगळे फोनवर विचारून होते. एखादा परका माणूस लहान मुलाला घेऊन खोली मागायला आला, तर काउंटरवर त्याची काय चौकशी होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

ही चौकशी न होण्याची किंमत गोव्यातल्या मुलांनी मोजली आहे. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा माणूस ‘गुरुकुल’ हा अनाथाश्रम चालवत होता. अनाथांना आसरा देणारा भला गृहस्थ, अशी त्याची ओळख होती. परदेशी पाहुण्यांची तिथे ये-जा असे आणि आश्रमातली मुले त्यांच्या हवाली केली जात. १९९१ मध्ये पोलिसांनी त्याला पकडले, तेव्हा मुलांच्या शोषणाची दोन हजारांहून अधिक छायाचित्रे सापडली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

गोव्याने त्यातून धडा घेतला. २००३ च्या गोवा बाल कायद्याने हॉटेलांवर थेट जबाबदारी टाकली: कुटुंबीय किंवा नातेवाईकांसोबत नोंद झाल्याशिवाय मुलाला खोलीत प्रवेश नाही.

पण हा कायदा गोव्यापुरता. लोणावळा, महाबळेश्वर, अलिबागच्या लॉज आणि फार्महाऊसवरही असाच स्पष्ट नियम लागू झाला पाहिजे, आणि राज्य सरकारने तो करायला हवा. केवळ आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन भागणार नाही. मूल कोणाचे, सोबतचा माणूस त्याचा कोण, हे रजिस्टरमध्ये लिहिले गेले पाहिजे.

देशभर लागू असलेल्या ‘पोक्सो’ कायद्यातही हॉटेल आणि लॉजच्या कर्मचाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य नजरेस पडले, तर पोलिसांना कळवणे त्यांना बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

शोषण बंद खोलीतच होते असेही नाही. ढाब्यावर चहाचे कप विसळणारा दहा वर्षांचा ‘बारक्या’ सगळ्यांना दिसतो. ढाबे, हॉटेले आणि रिसॉर्टमध्ये १४ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तरीही त्याच्याच हातून चहा घेऊन गिऱ्हाईक पुढच्या प्रवासाला लागते.

पुढच्या सहलीची खोली ठरवताना मुलांच्या नोंदीबद्दल हॉटेलवाल्याला जरूर विचारा. वाटेत काही खटकले तर १०९८ वर फोन करा. हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो.